टँकरच्या तळातलं पाणी

गुरप्पाअण्णाबरोबर दुष्काळाचं अख्खं वर्ष मी एका केबिनमध्ये काढलं, आणि खरं सांगतो, उन्हानं छळलं नसेल एवढं या माणसानं छळलं. मी टँकरचा ड्रायव्हर, तो क्लीनर. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा म्हणून अण्णा म्हणायचं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात वाटेत उतरवून दिला असता. पायाला भिंगरी. गाडी थांबायच्या आत हा खाली, पाइप ओढ, व्हॉल्व्ह चाचप, टाकीवर चढून आत डोकाव. जेवतानाही एक डोळा टाकीवर.

अक्कलकोटकडचा हा माणूस अकरा वर्षं जहाजावर होता, हे आमच्या शुक्रवार पेठेत कुणाला खरं वाटायचं नाही. सोलापूरला समुद्र कुठला? पण मुंबईच्या गोदीत हमाली करता करता तो एका मालवाहू जहाजावर पंप सांभाळायला लागला होता. ते काम काय असतं हे मला त्यानं शंभर वेळा ऐकवलंय. माल उतरवला की जहाज हलकं होतं, कलंडायला बघतं. मग वजनापुरतं त्या बंदरातलंच पाणी जहाजाच्या पोटातल्या टाक्यांत भरून घ्यायचं, आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ओतून द्यायचं. हजार कोसांवरचं पाणी दुसऱ्याच्या दारात.

“नुसतं पाणी नसतंय ते,” तो म्हणायचा. “टाकी साफ करायला उतरलो की तळाच्या चिखलात खेकडं, शिंपल्या, बारकं मासं. समदं जित्तं. एका बंदरात म्हातारा कोळी जाळं घेऊन आमच्या अंगावर आला. जाळं शिंपल्यांनी फाटून गेलतं. हातवाऱ्यानं सांगाय लागला, ह्या आमच्या न्हाईत, तुमी आणल्या.”

त्यानं साहेबाला सांगून बघितलं होतं, की पाणी भर समुद्रात बदलू या, किनाऱ्यावरचा जीव तिथं तगत नाही. साहेब हसला. तसा काही नियमच नव्हता तेव्हा, आणि पंपवाल्याचं कोण ऐकतो? अण्णा नोकरी सोडून घरी आला, पण ते खूळ काही जहाजावर ठेवून आला नाही.

बहात्तर साल उजाडलं आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून हा माझ्या गाडीवर आला. आम्ही शहराजवळच्या एका तळ्यातून पाणी भरायचो. त्या तळ्यात केंदाळ माजलेलं. फुगीर देठाची हिरवीगार पानं, वर जांभळी फुलं. दिसायला देखणं, पण पाण्यावर एकदा पसरलं की पाणी दिसत नाही. अण्णा पाइपाच्या तोंडाला दुहेरी धोतर बांधायचा, मगच गावच्या विहिरीत पाणी सोडायचा. टाकीच्या तळाला शेवटी चार-पाच घागरी पाणी राहायचं, गाळाचं, केंदाळाच्या पानामुळांचं. ते हा गावाबाहेर माळावर ओतायचा. कोरड्या माळावर पाणी, आणि बाया बघतायत. तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

लोकांनी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्यानं काठी उगारली. अण्णाचं आपलं एकच: “बेड, बेड.” चिडला की तो कानडीत यायचा. नको, नको.

मंद्रूपच्या वाटेवरचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथं अजून मला ओळखतात. गावाला महादेवाचं तळं, त्यात गुडघाभर गढूळ पाणी उरलेलं. तेवढ्यावर गावची जनावरं जगत होती. त्या गावात बजाबाई राहायची. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून ही खडी फोडायला जायची. काम सुटून येईपर्यंत विहिरीतलं पाणी बाकीच्यांनी उपसलेलं असायचं. एका दुपारी ती घागर घेऊन पळत आली तेव्हा अण्णानं माळावर व्हॉल्व्ह नुकताच उघडला होता. तिच्या डोळ्यांदेखत धार जमिनीत गेली. ती खाली बसली आणि ओल्या मातीवर पदर दाबून घागरीत पिळायला लागली. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अण्णाला विहिरीवर पाइप गुंडाळायला ठेवलं आणि गाडी एकटाच माळावर नेली. बजाबाई वाट बघत उभी होती, मीच निरोप धाडला होता. घागर भरून दिली. घागरीत केंदाळाचं एक रोपटं आलं, फुलासकट. मी म्हटलं, फेकून दे.

ती म्हणाली, “फेकू कशी, दादा? साऱ्या शिवारात हिरवं पान न्हाय. म्हादेवाला वाहते की.”

तिनं ते महादेवाच्या तळ्यात सोडलं. मी बघत उभा राहिलो. काय होतंय एका रोपट्यानं, म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. दोन वर्षांत त्यावर पाय ठेवून चालावं असं केंदाळ झालं. जनावरं काठावर फुरफुरायची आणि माघारी वळायची. डासांनी गाव हैराण. अण्णाच्या कानावर गेलं आणि तो बावचळला. “माझ्या हातनं एखादं पान सुटलं,” म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी सायकल काढून हा माणूस त्या गावी. कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा, विळ्यानं कापायचा, दोरानं ओढून काठावर वाळत घालायचा. चार महिने पाणी दिसायचं, पुन्हा हिरवं. घरी त्याची बायको शिवबाईवहिनी माझ्यावर भडकायची, तुमी तरी सांगा की त्यांना. काय सांगू? मीही अधूनमधून जायला लागलो, दोर ओढायला. तेवढ्यानं पाप फिटतं थोडंच.

अठ्ठ्याहत्तर साली एका रविवारी अण्णा काठावर धापा टाकत बसला होता. पाय पांढरे पडून सुरकुतलेले. माझ्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं, माळ, घागर, रोपटं. त्याच्या हातात विळा होता. मारला असता तरी मी हललो नसतो.

“बजाबाईला दिलंस?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“घागर भरून?”

“काठोकाठ.”

त्यानं विळा खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं केलंस. आदल्या दिवशी ती पळत येताना मला लांबनंच दिसली हुती. माळावर पोचून मागितलं असतं, तर माझ्यानं न्हाय म्हणवलं नसतं. म्हणून ती यायच्या आत मी व्हॉल्व्ह उघडला.”

त्यानं विळा उचलला आणि पुन्हा पाण्यात उतरला.

“इतकी वर्सं मी हितं यायलोय,” तो पाठमोराच म्हणाला, “ते केंदाळासाठी, असं वाटलं व्हय तुला?”