उत्तरेकडचं पावणं

कराडच्या वसतिगृहात जळत्या पाचटाचा वास आला की मला आमच्या गावामागचा डोंगर आठवतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि तिथं मला पाखरं बघायचा नाद लागला होता. गेल्या माघात सुट्टीला गावी गेलो, तेव्हा डोंगरावरच्या वाळक्या गवतात चिमणीएवढी, हिरवट पाठीची पाखरं किडे टिपत होती. उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलातून ती हिवाळ्यापुरती येतात, असं मी चुलत्यांना सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. "आवं तात्या, थांबा! पाखरं चरत्यात तितं." "आरं गड्या, जाळल्याबिगर नवं गवत जोमानं फुटत न्हाई. आन् पावण्यानं किती दिस ऱ्हायचं? जातील परत!" सोबत आलेले गावकरी हसले. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी मला बाजूला सारलं. गवत तडतडलं. पाखरं बारीक चिरकत धुरावर घिरट्या घालत राहिली. रागानं माझे डोळे भरून आले. काल तात्यांचा फोन आला, "औंदा तुजं पावणं दिसलं न्हाईत रं." मी म्हणालो, "कशाला येतील, तात्या? त्यांच्या ताटालाच काडी लावली तुमी."