चाक कोणाच्या हाती

अमावस्येला सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, जाऊ नये, असं सांगणाऱ्यांना मी उलट विचारायची — मग काळं आकाश मिळणार कधी? मी गणिताची शिक्षिका. किराण्यापासून कॅमेऱ्याच्या रोलवरच्या फ्रेमपर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी लिहिते आहे, कारण माझ्या वहीत एक जागा रिकामी राहिली आहे…

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, स्वतः आरसा घासून दुर्बीण केली होती. तिच्या पाठीवर कॅमेरा बांधायचा आणि मृगातला तेजोमेघ टिपायचा, हा ह्यांचा ध्यास. त्यासाठी शटर वीस-पंचवीस मिनिटं उघडं ठेवावं लागे. पृथ्वी फिरते, म्हणून तेवढा वेळ दुर्बिणीला डोळा लावून एक लहानसं चाक हाताने सावकाश फिरवत राहायचं. नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. मोटर नव्हतीच. वहीत मी रकाने आखले होते — तारीख, सुरू, बंद, चाक कोणाच्या हाती.

ह्यांची एक खोड होती. चाक हातात घेतलं की पहिली फिरकी नेहमी जास्त. त्यामुळे ह्यांच्या फोटोत प्रत्येक ताऱ्याला पूर्वेकडे बारीक शेपटी यायची. माझ्या फोटोत नाही.

"अहो, पुन्हा शेपट्या!"

"असू देत. फोटो कोणाचा ते तरी कळतं. तुझे तारे म्हणजे फळ्यावरची टिंबं."

त्र्याऐंशीच्या दिवाळीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हात हलवायचा प्रयत्न त्यांनीच करायला हवा. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मला वाटलं, तेजोमेघाचा तो राहिलेला फोटो आणून दाखवला तर निदान इकडे वळतील… मग व्यायामालाही लागतील.

फेब्रुवारीतली अमावस्या. भाट्ये गावाच्या पुढे माझ्या धाकट्या दिरांची आंब्याची बाग आहे. तिच्या वरच्या अंगाला कातळावर दुर्बीण लावली. आठ दहाला शटर उघडलं. चार मिनिटं झाली नाहीत तोच खालून भाऊजींची हाक —

"वहिनी, वणवा! मोहोर जाईल सगळा! धावा!"

कुंपणापलीकडचं गवत पेटलं होतं. चाक सोडलं आणि पळाले. भाऊजी, त्यांचे दोन गडी आणि मी, हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होतो. चौघंही खालीच. वर कोणी नव्हतं. परत येऊन काळ्या हातांनी आठ पस्तीसला शटर बंद केलं. डोळा लावून पाहिलंही नाही. वहीत शेरा लिहिला — वाया.

घरी पोचले तर सासूबाई दारातच.

"अगो, त्याचा हात हलत होता गो! उजवा!"

"कधी?"

"आठाचे टोले पडून गेल्यावर पेज भरवायला बसले, तेव्हा. चिमटीत काही धरल्यासारखा बोटं फिरवत होता, अगदी हळू. पेज निवली तरी थांबेना. हाक मारली तर लक्षच नाही… एक डोळा घट्ट मिटलेला."

मी आत धावले. हात चादरीवर पडला होता, थंडगार.

आठ दिवसांनी रोल धुऊन आला. त्या फ्रेमवर नुसत्या रेघाच असायला हव्या होत्या. तारे जागच्या जागी होते. मधोमध तेजोमेघ, पंख पसरल्यासारखा… आणि प्रत्येक ताऱ्याला पूर्वेकडे शेपटी.

पुढच्या अमावस्येला मी तिथेच, तेवढाच वेळ, मुद्दाम चाक सोडून पाहिलं. रेघा आल्या.

फोटो ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी डाव्या हाताचं नख एका शेपटीवरून फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?" मी विचारलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

दुर्बिणीचं चाक काढून आणलं. रोज सकाळी ह्यांच्या उजव्या तळव्यात ठेवायची, बोटं मिटवायची. बोटं सुटायची, चाक गादीवर पडायचं. तो हात पुन्हा हलला नाही. पुढच्या दिवाळीला हे नव्हते.

आगीत जायलाच हवं होतं, हे मला समजतं. तरी रात्री मनात येतं, हातात कुठेतरी थोडं बळ उरलं होतं आणि ते तिथे खर्च झालं… मी चाक सोडलं नसतं तर?

'वाया' हा शेरा मी खोडला. बाकी प्रत्येक ओळीत शेवटच्या रकान्यात 'हे' किंवा 'मी' आहे. त्या एका ओळीत काय लिहावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.