नंबर पाठ, बाकी सपाट

वय वाढलं की वस्तू हरवतात आणि किस्से सापडतात. आमच्याकडे तर इतके साठलेत, की कुठला कोणाचा यावरूनच भांडणं होतात. परवा पुष्पाने माझाच किस्सा मला सांगितला, तोही स्वतःच्या नावावर. वर विचारते, "तुला आधी सांगितला होता काय?"

आम्ही चौघी टेलिफोन ऑपरेटर. उल्हासनगरच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून, एका ओळीत बसून उभी हयात गेली. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे, आणि व्यापारी मंडळींचा सगळा जीव सुरतेच्या लाईनीत अडकलेला असे. अर्ध्या गावाचे नंबर आम्हाला तोंडपाठ होते. माणूस तर नुसत्या खोकल्यावरून ओळखायचो.

एखादं गिऱ्हाईक फारच तापलं तर आमचा ठरलेला उपाय होता. गोड आवाजात "होल्ड ऑन प्लीज" म्हणायचं आणि हातातला चहा शांतपणे संपवायचा. चहा संपेपर्यंत एकतर लाईन लागायची, नाहीतर माणूस थंड व्हायचा. मी सुपरवायझर होते. असं काही आमच्याकडे चालतच नाही, असं मी साहेबांना सांगत असे.

रिटायर झाल्यावर दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी जमायचं ठरलं. अंबरनाथची पुष्पा भोईर, उल्हासनगर कॅम्प एकमधली लाजवंती म्हणजे आमची लाजो, खरवईची शकू कांबळे आणि बदलापूर स्टेशनजवळ राहणारी मी. ते जुने नंबर आजही पाठ आहेत. बाकी सगळं सपाट.

०००

पुष्पा मूळची गावातली आगरी, त्यामुळे पावसाळ्याच्या आधी सुकट वाळवून डब्यात भरली नाही तर तिला वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. एकदा ती दुपारी काठी घेऊन गच्चीवर गेली. डोक्यावर पदर, समोर वाळवण, वर कावळे. उन्हं उतरेपर्यंत बाई जागची हलली नाही. एकही कावळा खाली उतरू दिला नाही.

संध्याकाळी शेजारची गुजराती वहिनी वर आली. तिने पुष्पाचे हात धरले आणि म्हणाली, "मावशी, किती करता हो आमच्यासाठी."

पुष्पाने खाली पाहिलं. दुपारभर तिने वहिनीचे उडदाचे पापड राखले होते. सुकट घरी, ओट्यावरच्या पिशवीत होती. म्हणजे दुपारपर्यंत होती. नंतर ती मांजराच्या पोटात होती.

"शेजारधर्म हाय, बाय," पुष्पा म्हणाली आणि काठी टेकत खाली उतरली.

०००

लाजोचं वेगळंच. त्या वर्षांत लोडशेडिंगने सगळ्यांना वेड लावलं होतं. उल्हासनगरात लाईट गेली की गल्लीत जनरेटर धडधडायला लागत, आणि लाजो सोफ्यावर बसून पदराने वारा घेत बिजली कंपनीच्या सात पिढ्यांची चौकशी करी.

एका गुरुवारी आम्ही तिच्याकडे जमलो होतो, तेव्हा संध्याकाळी लाईट आली. सगळी बिल्डिंग ओरडली. लाजोच्या घरात मात्र अंधार. तिने कंप्लेंटचा नंबर लावला. तोही अर्थात पाठ. "देखो बेटा," ती म्हणाली, "हम भी डिपार्टमेंटवाले हैं, हमको उल्लू मत बनाओ. लाईन चेक करा, आत्ताच्या आत्ता." समोरच्या मुलीला तिने फोनवर कसं बोलावं याचं ट्रेनिंगही देऊन टाकलं.

वायरमन आला. बिचारा शिडी खांद्यावर घेऊन तीन जिने चढला. दारातूनच त्याने आत पाहिलं, भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब लागली.

लाजो आमच्याकडे वळली आणि विजयाने म्हणाली, "देखा? फोन किया तो काम होता है."

०००

आता माझा. मी नाही सांगितला तर पुष्पा सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

सकाळी फोन आला की आमच्या ऑफिसातल्या कुलकर्ण्यांकडे वाईट बातमी आहे. कोण गेलं तेही सांगितलं होतं. पण मग साडी बदलली, कुलपाची किल्ली शोधली, रिक्षावाल्याशी वाद घातला, आणि अंबरनाथ येईपर्यंत नेमकं तेवढंच डोक्यातून निसटलं. आता फोन करून "हो, पण गेलं कोण?" असं विचारायचं कोणत्या तोंडाने?

दार कुलकर्ण्यांनीच उघडलं. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेच असते. म्हणजे हे नाहीत. मी बसले. ते समोर मान खाली घालून बसले. घर शांत. वहिनी कुठे दिसेनात. मी हिशेब लावला. सुपरवायझरचं डोकं, ते काय गप्प बसतं?

"वहिनींचा स्वभाव फार चांगला होता हो," मी डोळे पुसत म्हणाले. "कधी कोणाला तोडून बोलल्या नाहीत."

आतला पडदा सरकला. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या.

"अजून तसाच आहे," म्हणाल्या.

गेल्या होत्या त्यांच्या सासूबाई. नव्वदीच्या. त्यांच्या स्वभावाबद्दल मी काही बोलले नाही. तिथे कोणीच बोलत नव्हतं.

०००

शकू आमच्यात सगळ्यात शांत. एक्स्चेंजमध्येही तिचाच आवाज सगळ्यात मऊ होता. नवरा अकाली गेला, एकच मुलगा, त्याला तिने नाईट ड्युट्या करून शिकवलं. रिटायर झाल्यावर खरवईला स्वतःचा छोटा फ्लॅट घेतला आणि जवळच्या विहारात नेमाने जायला लागली.

एका पौर्णिमेला तिथे ध्यानाचा कार्यक्रम होता. सगळे डोळे मिटून बसलेले. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. शकूचा जरा डोळा लागला. तेवढ्यात ध्यान संपल्याची खूण म्हणून भंतेजींनी छोटी घंटी वाजवली.

"नंबर प्लीज," शकू म्हणाली.

सगळा विहार हसायला लागला. शकू लाजून अर्धी झाली. भंतेजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "लाईन लागावी म्हणूनच बसतो आपण, आई. तुमची लागली."

०००

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचंही हसण्यासारखंच आहे, पण ते घडत होतं तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

खरवईत तेव्हा शेतांत एकसारख्या बिल्डिंगा उगवत होत्या. शकूच्या सोसायटीत तर सगळ्या विंगा एकाच पिस्ता रंगाच्या. जिने सारखे, दारं सारखी, प्लास्टरचे पोपडेसुद्धा एकाच जागी निघालेले. एकदा भाजी घेऊन शकू घरी आली, तर दाराला किल्ली लागेना. तिने कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप उघडून दिलं. आत गेली तर पडदे नवे. तिला वाटलं, मिलिंदने, म्हणजे तिच्या मुलाने, पुण्याहून येऊन गुपचूप बदलले. तिला भरून आलं. तिने चहा टाकला.

तेवढ्यात दारात एक तरुण जोडपं येऊन उभं राहिलं.

"या ना, बसा," शकू म्हणाली. "कोणाकडे आलात?"

तिच्या आवाजात असं काही होतं की ती दोघं बसलीसुद्धा. तिने त्यांना चहा दिला. अर्धा कप संपल्यावर त्या मुलीचं लक्ष समोरच्या भिंतीवरच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडे गेलं.

शकूची विंग बी. ती शिरली होती सी मध्ये. जोडपं भलं होतं, हसून सोडून दिलं. पण सोसायटीच्या सेक्रेटरीने मिलिंदला फोन केला.

मिलिंद चांगला मुलगा आहे, हे मला सांगायलाच हवं. एक्स्चेंजच्या रेस्टरूममध्ये आम्ही चौघींनी त्याला आळीपाळीने खेळवलंय. तो घाबरला, दुसरं काही नाही. "आई, आज दुसऱ्याच्या घरात चहा केलास," तो म्हणाला. "उद्या स्वतःच्या घरात गॅस चालू राहिला तर? तू आता पुण्याला चल."

गुरुवारी शकूने आम्हाला हे सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. "मॅडम," ती मला अजून मॅडमच म्हणते, "तिथं दोघं सकाळी कामावर जातात. वरचा मजला, दार बंद. मी दिवसभर बोलू कोणाशी? जन्मभर बोलायची नोकरी केली मी."

त्या दिवशी कोणी किस्सा सांगितला नाही. मला रडू आलं. पुष्पालाही आलं, पण तिने कांद्यावर ढकललं. कांदा कोणी चिरतच नव्हतं.

०००

शेवटी मिलिंद एका गोष्टीला कबूल झाला. तो येऊन आईशी निवांत बोलणार, चार साधे प्रश्न विचारणार, आणि समाधान झालं तर विषय बंद. मग काय, आम्ही शकूची परीक्षेसारखी तयारी करून घेतली. विंग कुठली, मजला कुठला, गॅस कुठून बंद करायचा. लाजो तर तिला रोज फोन करून दटावायची, "शकू, बी विंग. बी फॉर बदलापूर."

तो आला त्या दिवशी आम्ही तिघीही धीर द्यायला हजर होतो. शकूने सगळं धडाधड सांगितलं. मिलिंदचा चेहरा सैल झाला. त्याने हसत शेवटचं विचारलं, "बरं आई, आज वार कोणता?"

शकूने आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये चहा.

"गुरुवार!" आम्ही चौघी एका सुरात म्हणालो.

मिलिंदने हळूच मोबाईलमध्ये पाहून घेतलं. रविवार होता. त्याने आमच्याकडे असं बघितलं, जणू या चौघींनाही न्यावं लागतंय की काय.

०००

पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला. आम्ही निरोप द्यायला गेलो. मदत करायची हिंमत आता कोणात नव्हती.

सामान खाली आलं. डिकी भरली, मग मागची सीट गाद्या, उशा आणि गाठोड्यांनी भरली. एका कडेला शकूपुरती जागा ठेवली. घरातली बुद्धमूर्ती ती मागे ठेवू देईना, म्हणून मिलिंदने ती पुढच्या सीटवर ठेवली आणि नीट बेल्ट लावला. शकूने आपली पर्स मागच्या सीटवर टाकली, तिच्यातच तिचा मोबाईल. पाय आत घालणार तोच ती थबकली.

"गॅस बंद केला का मी?"

"जा, बघून ये," मी म्हणाले. ती किल्ली घेऊन वर गेली.

तेवढ्यात मिलिंदला ऑफिसचा फोन आला. एका हाताने तो फोन कानाशी दाबून धरत होता, दुसऱ्या हाताने दारं लावत होता, आणि तोंडाने कोणाला तरी सांगत होता, "नाही सर, माझ्या लक्षात आहे, मी विसरणार नाही." बोलता बोलता तो स्टिअरिंगवर बसला. शकू जिन्यावरून खाली आली आणि आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. गाडी सुरू झाली.

आम्ही तिघींनी सवयीने हात हलवले.

शकूनेही हलवला.

गाडी वळून कर्जतच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसली. मग पुष्पा म्हणाली, "ह्यो आता कंचा वार म्हनायचा?"

"आपण चौघी आहोत ना?" शकू म्हणाली. "चला वर. गॅस बंदच होता, पण दूध शिल्लक आहे."

साखर गाडीत गेली होती, लाजोने खालच्या दुकानातून आणली. कपही गेले होते, म्हणून स्टीलच्या वाट्यांत चहा ओतला. रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसलो. भिंतीशी फोन तेवढा राहिला होता, कनेक्शन अजून कापलेलं नव्हतं.

पहिला घोट घेतला आणि तो वाजला.

आम्ही तिघींनी शकूकडे पाहिलं. तिने वाटी खाली ठेवली नाही. दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला, कानाला लावला. पलीकडून काहीतरी मोठमोठ्याने येत होतं, शब्द कळत नव्हते. शकूने पाठ ताठ केली.

"होल्ड ऑन प्लीज," ती मऊ आवाजात म्हणाली, रिसीव्हर जमिनीवर ठेवला आणि चहा प्यायला लागली.