लस टोचा, प्लग न्या

कुत्र्याच्या हिरड्या पाहिल्याशिवाय त्याच्या मालकाशी न बोलणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच आहे, आणि मी त्याच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहते. आमचे घरमालक धसईत मोटारसायकली दुरुस्त करतात असं लोक समजतात. माझ्या मते गाड्या हे निमित्त. खरं काम जनावरांवर लक्ष ठेवण्याचं. गाडी दारात आली की काका आधी पान्यानं इंजिनावर टकटक करतात, कारण थंडीत मांजराची पिल्लं गरम इंजिनाला बिलगून झोपतात. मग विचारतात, "घरी कुत्रा हाय? यंदा लस टोचली?" समोरचा चाचरला की गाडीचा स्पार्क प्लग काढून खिशात; त्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. "टोचून आण, प्लग घेऊन जा." भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि एकेका खिळ्याला दोऱ्यानं टांगलेला एकेक प्लग. शेणवे गावचा एक नवरदेव तर हळदीच्या अंगानं कुत्रा घेऊन आला होता. "काका, मांडवात लोक खोळंबलेत!" काकांनी लशीचा कागद उलटसुलट वाचला, कुत्र्याचा ओठ वर केला आणि म्हणाले, "हिरड्या गुलाबी हायेत. जा, लगीन कर."

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत सगळे बैलांचे दात बघतात. काका टेम्पोखाली बांधलेल्या कुत्र्यापाशी उकिडवे बसतात. पाणी आहे का, सावली आहे का, गळ्यातल्या दोरीत दोन बोटं जातात का. एका बैलवाल्यानं टोमणा मारला, "काय काका, कुत्रं विकत घेताय?" "नाय रे, तुलाच विकायला बघतोय. पण कुत्र्याला पाणी न देणारा मालक घेणार कोण?"

मी परभणीकडची, सातवीतून शाळा सुटलेली. इथं भातगिरणीत कामाला आले तेव्हा माझं म्हणावं असं गावात एकच कुणी होतं, वाटेत मागं लागलेली कुत्री, चिमणी. काकांनी माझ्याआधी तिची चौकशी केली आणि एकच अट घातली. "जनावराला काय झालं तर आधी मला सांगायचं. लपवायचं नाय." पावसाळा सरता सरता तिला खरूज झाली. पाठीचे केस गेले, रक्त येईस्तोवर खाजवायची. आमच्याकडं खरजेला गाडीचं जळकं ऑइल चोपडतात. काकांच्या ऑइलच्या पिंपाला कुलूप होतं. कुत्र्यासाठी मागणाऱ्याला ते पाना दाखवून हाकलायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. रोगट कुत्री घरात नको म्हणाले तर जाऊ कुठं, या धाकानं मी गप्प राहिले, बाजारात एका ट्रकवाल्याकडून बाटली भरून घेतली आणि तिला नखशिखांत माखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीतून आले तर चिमणी कोपऱ्यात पडलेली, लाळ गळतेय, सगळीकडं ओकलेलं. अंग चाटून तिनं ते ऑइल पोटात घेतलं होतं. मी काकांपुढं जाऊन उभी राहिले. "माझ्याच हातानं लावलं, काका." त्यांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या. मी शिव्यांची वाट पाहत होते. "भांड्याचा साबण आण. पाणी कोमट. ऑइल काढायला रॉकेल घेऊ नको," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून तिला तीनदा धुतलं, चादरीत गुंडाळलं. काकांनी गाडीला किक मारली. पुन्हा मारली. मग कपाळाला हात लावला. त्यांच्याच गाडीचा प्लग खिळ्यावर होता! घरच्या मांजरीची लस राहिली म्हणून स्वतःलाच शिक्षा. "लावा ना काका तो प्लग!" मी रडत ओरडले. त्यांनी प्लग बसवला, पण नियम मोडायला मन घेईना. "मांजर पिशवीत घाल गो!" त्यांनी काकूंना हाक दिली.

असे आम्ही मुरबाडला निघालो. काकांच्या गळ्यात पिशवीतून किंचाळणारी मांजर, मागं माझ्या मांडीवर चिमणी. "बोल गो तिच्याशी, झोपू देऊ नको," काका वाऱ्यात ओरडत होते. मी तिला परभणीतलं आमचं घर सांगत गेले, विहीर, आई, सगळं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. "आणण्याआधी धुतलीत म्हणून हिला वाचवायची संधी मिळाली," म्हणाले. खरजेची इंजेक्शनं ती सावरल्यावर सुरू करायची ठरली. मांजरीलाही टोचून घेतलं.

परतल्यावर चिमणीनं दोन घोट पाणी पोटात ठेवलं, आणि मी माझी पिशवी भरायला घेतली. काका दारात आले. "कुठं निघालीस?"

"तुमची अट मोडली."

"मोडलीस. शिक्षा होणार. पण तुला गाडी नाय, प्लग कुठला काढू?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, माझी भरलेली पिशवी उचलली आणि नेऊन प्लगांच्या रांगेत खिळ्याला टांगली. "चिमणीच्या अंगावर केस आले की घेऊन जा."

केस आले, त्याला आता दोन पावसाळे झाले. काकांना हल्ली प्लग बसवताना नीट दिसत नाही; मी बाजूला उभी राहून बॅटरीचा उजेड धरते. पिशवी तिथंच आहे. मी मागत नाही, ते काढून देत नाहीत. परवा मात्र ते स्टुलावर चढले. मला वाटलं, आता पिशवी हातात देऊन जायला सांगणार. त्यांनी पिशवी काढली, फडक्यानं तिच्यावरची धूळ झटकली, आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावली.