चाकणला जागी झालेली गोगलगाय

आकुर्डीत राहून मी समुद्री जीवांवर संशोधन करते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "इथं कुठला समुद्र?" प्रश्न रास्त आहे. माझे वडील लातूरकडून आले, इथल्या दुचाकीच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या खानदानात पोहता येणारं माणूस नाही. शेजाऱ्यांना बाबा सांगत, "पोरगी शास्त्रज्ञ हाय," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलत. नेमकी कसली शास्त्रज्ञ, हे त्यांना सांगता येत नसे, आणि मलाही ते त्यांना नीट समजावता आलं नव्हतं.

माझं काम किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या सुपारीएवढ्या गोगलगायींवर आहे. एकाच कुळातल्या, पण नशीब प्रत्येकीचं निराळं. काही जाती समुद्रातच राहिल्या, काही खाडीत शिरल्या, काही नदीच्या गोड्या पाण्यात चढल्या आणि काही तर थेट जमिनीवर आल्या. हे कसं झालं, वाटेत त्यांच्या कवचात काय काय बदललं, हा माझा प्रश्न. उत्तर कवचाच्या आत असतं आणि आत बघायचं तर शंख फोडावा लागतो. न फोडता बघायचं तर सीटी स्कॅन. पुण्यात आमच्या संस्थेतलं ते यंत्र नेमकं दुरुस्तीला काढलेलं होतं आणि दुसरीकडे महिनोन्‌महिने नंबर लागत नव्हता.

ही रड मी एकदा जेवताना लावली होती. माझी भावजय भात वाढता वाढता थांबली. ती चाकणच्या एका छोट्या लॅबमध्ये इंजिनिअर आहे. गाड्यांच्या सुट्या भागांमध्ये आत कुठे खोट राहिली आहे का, हे तिथे तपासतात.

"ताई, सीटी स्कॅन तर आमच्याकडे पण आहे," ती म्हणाली. "आम्ही रोज कास्टिंग घालतो त्यात. तुमचा शंख घालायला काय हरकत आहे? सरांना विचारते."

सरांनी लगेच हो म्हटलं. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी या, म्हणाले. मग आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून तळवड्यामार्गे निघालो. कापसात गुंडाळलेले शंख माझ्या मांडीवरच्या डब्यात. रत्नागिरीच्या एका मैत्रिणीने ते गोळा करून, वाळवून कुरिअरने पाठवले होते. काही समुद्रातल्या जातीचे, काही खाडीतल्या.

हे सर म्हणजे लॅबचे मालक. ते दारातच उभे होते. चाकणच्या जुन्या शेतकरी घरातले. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी चपला.

"या मॅडम. आमच्या मशिनीनं आजवर इंजिन बघितलं, गिअरबॉक्स बघितला. गोगलगाय न्हाई बघितली," ते म्हणाले आणि स्वतःच खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

भावजयीने पहिला शंख थर्मोकोलच्या तुकड्यात बसवला, यंत्राच्या फिरत्या तबकडीवर ठेवला आणि जाड दार बंद केलं. थोड्या वेळाने पडद्यावर शंख उमटला. तिने तो माऊसने मधोमध कापल्यासारखा उघडला आणि तिचा चेहरा पडला.

"ताई, हा पीस रिजेक्ट. आत केवढा मोठा ब्लोहोल आहे."

धातू ओतताना आत हवा अडकली की जी पोकळी राहते, तिला त्या धंद्यात ब्लोहोल म्हणतात. मला हसू आवरेना. इतर कुळांतल्या गोगलगायींच्या शंखांमध्ये आत जिन्यासारख्या वळत जाणाऱ्या भिंती असतात. या गोगलगायी मोठ्या होताना आतल्या भिंती स्वतःच विरघळवून टाकतात. त्यामुळे आत एकच ऐसपैस खोली उरते. हेच मला बघायचं होतं आणि ते इतकं स्वच्छ मी पहिल्यांदाच बघत होते. मी खुर्चीतून उठून पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

मालकांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी हनुवटी खाजवली. "म्हंजे आतलं पार्टिशन पाडून हॉल मोठा केला."

"अगदी तसंच."

"मग हिला रिजेक्ट कशापायी करता? आमी बी घराचं तेच केलं."

खाडीतल्या जातीचा शंख त्यानंतर घातला. त्याची भिंत पातळ होती आणि पोकळी तशीच ऐसपैस. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून घेतली. दिवस सार्थकी लागला असं वाटत असतानाच पुढचा, पुन्हा समुद्रातला शंख घातला आणि चित्र पार फिसकटलेलं आलं.

"पीस हललाय," भावजय म्हणाली. तिने थर्मोकोल घट्ट केला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. कवच जरा तरी दिसत होतं, पण तोंडाकडचा भाग म्हणजे नुसता धूर. आता तिला काळजी वाटायला लागली. मशीन बिघडलं तर उद्यापासूनची सगळी कामं अडकणार. मालकही खुर्चीतून उठले. हौसेपायी मी यांच्या पोटापाण्याच्या यंत्राची वाट लावली की काय?

भावजयीने दार उघडलं, आत वाकली आणि तशीच थांबली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पीस चालायला लागलाय."

शंखाचं दगडासारखं झाकण उघडं होतं. त्याखालून एक करडा मऊ पाय बाहेर येऊन थर्मोकोल चाचपत होता आणि केसाएवढी दोन शिंगं इकडेतिकडे वळत होती. या गोगलगायी झाकण घट्ट लावून, आतला ओलावा धरून पाण्यावाचून दिवसच्या दिवस राहू शकतात, हे मी कितीतरी वेळा लिहिलं होतं. प्रत्यक्षात अशी भेट कधी झाली नव्हती. आम्ही तिघंही इतक्या मोठ्याने हसलो की गेटवरचा वॉचमन धावत आला.

"पाणी द्या तिला आधी!" मालक म्हणाले आणि स्वतःची बाटली पुढे केली.

"गोडं नको! मरेल."

मग धावपळ. येताना चिंचवडच्या मत्स्यालयाच्या दुकानातून समुद्री मीठ घेतलं, घरी फिल्टरच्या पाण्यात कालवलं, खारेपणा मोजला आणि काचेच्या बरणीत तिला सोडलं. तिने झाकण लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत हलली नाही. बाबा बरणीसमोर स्टूल घेऊन बसले.

"एक्स-रेनं काही झालं नसंल ना तिला?"

"वाटत नाही, बाबा."

"वाटत नाही म्हणजे? शास्त्रज्ञ तू हायस ना?"

रात्रीच्या जेवणाची ताटं मांडत होतो तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "ये, लवकर ये! चालायलंय की गं हे!" ती काचेवर चढत होती. खालून तिचं तोंड दिसत होतं, बारीक खवणीसारख्या जिभेने काच खरवडणारं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

त्या दिवसापासून बरणी बाबांची झाली. हिला शेवाळ लागतं असं मी म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या बरणीत मीठपाणी आणि काचेचे तुकडे घालून ती बाल्कनीतल्या उन्हात ठेवली, आणि काच हिरवी झाली की तुकडा बदलत. माझ्या कामाविषयी त्यांनी इतक्या वर्षांत विचारले नव्हते तेवढे प्रश्न त्या काही आठवड्यांत विचारले. हिच्या भाऊबंदांनी समुद्र का सोडला? नदीत गेल्यावर मीठ नाही म्हणून जीव घाबरा नाही झाला?

"एकीनं उठून सोडला असं नाही हो," मी म्हणाले. "लाखो पिढ्या लागल्या असतील."

"लाखो?" बाबा म्हणाले. "आम्हाला तर एकच यष्टी पुरली."

लॅबच्या मालकांनी दोन्ही शंखांच्या आतलं चित्र मोठं छापून ऑफिसात लावलं आहे, इंजिनाच्या फोटोशेजारी. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विचारतात, "वळखा बरं, हे काय हाय?" उरलेले शंखही आम्ही तिथेच स्कॅन केले, फक्त आधी प्रत्येकाचं झाकण ठोकून बघत होतो.

पाऊस उघडल्यावर मी आणि बाबा रत्नागिरीला गेलो. मैत्रिणीने तिचे शंख जिथून उचलले होते तो खडक दाखवला. ओहोटी होती. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बरणीत हात घातला आणि गोगलगाय अलगद खडकाच्या भेगेशी ठेवली. ती क्षणभर थांबली, मग चिकटली. बाबांनी फोटो काढायला खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर केला, खाली केला आणि पुन्हा खडकाकडे बघितलं. भेगेत तशाच, तेवढ्याच, त्याच रंगाच्या कितीतरी बसल्या होत्या.

"आपली कोणती गं?"

मी वाकून बघितलं. मलाही ओळखता येईना.

बाबा आधी हिरमुसले आणि मग कमरेवर हात ठेवून हसत सुटले. शेवटी त्यांनी अख्ख्या खडकाचाच फोटो काढला. आता आकुर्डीत कुणीही घरी आलं की तो फोटो दाखवतात आणि सांगतात, "यातली एक आमची हाय."