बाबा माझं अडखळणं मोजायचे

काल सीवूड्सच्या बाजारात सुक्या जवळ्याचा वास आला आणि करावे गावातलं आमचं अंगण आठवलं. कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूसाठी मला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची होती. बाबा खाडीवरून आले की फाटलेलं जाळं शिवत समोर बसायचे आणि तेच उत्तर पुन्हा पुन्हा बोलायला लावायचे.

"आज चारदा अडकलीस. परत सांग."

एका संध्याकाळी, सातव्या वेळी, मी चिडले. "बाबा, तुला इंग्लिश कलतं तरी का?"

त्यांचा हात थांबला. "नाय कलत. पन तू कुठं थांबतेस, ते कलतं." एवढं म्हणून ते जाळं गोळा करून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी आरशासमोर बोलू लागले. बाबा अंगणात पाठमोरे बसत. नोकरी लागली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण "बोलून दाखव" म्हणाले नाहीत.

तेव्हा वाटलं होतं, कटकट गेली. आज मी तासभर न अडखळता इंग्रजी बोलते. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली, आणि 'माझं चुकलं' हे मला आमच्या बोलीतसुद्धा त्यांना कधी सांगता आलं नाही.