नाक कोणाचं?

सदर भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुमनबाईंचं औषधांचं दुकान होतं. नाकात टाकायचे थेंब मागितले की बाटली हातातच धरून बाई विचारायच्या, "नाक कोनाचं हाय?" उत्तर मिळेपर्यंत बाटली काउंटर ओलांडत नसे. गिऱ्हाईक हसायचं. बाई हसायच्या नाहीत.

मला तर त्यांनी भर दुकानात झापलं होतं. महिनाभर मी थेंब टाकत होतो आणि नाक जास्तच चोंदत होतं. "याच्यानं नाकातल्या फुगलेल्या शिरा आवळते, म्हून मोकळं वाटते. पण चार दिवसांच्या वर टाकलं, का असर उतरल्यावर दुप्पट फुगते. मंग पुन्हा थेंब, पुन्हा बंद! काहून आपल्याच नाकाचे हाल करून राहिले गा भाऊ?"

नातू दोन महिन्यांचा असताना त्याचं नाक चोंदलं. रात्रभर जागून सून नुकतीच झोपली होती. म्हटलं, आजोबांनी कर्तबगारी दाखवावी! खरं सांगितलं तर बाई मिठाच्या पाण्याचे थेंब देऊन बोळवणार, हे ठाऊक होतं. म्हणून दुकानात शिरतानाच मी तोंडाने श्वास घेऊ लागलो.

"नाक कोनाचं?"

"बाझंच!"

अभिनय इतका फक्कड, की बाईंनी मोठ्यांचे थेंब दिले.

दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन टाकले. पोर शांत झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश. अर्ध्या तासाने पाहिलं तर ते फारच शांत होतं. हात गार, मान लुळी. हाका मारल्या, डोळे उघडेनात.

माझ्या ओरडण्याने सून उठली, पोराला घेऊन धावत सुटली. ऑटो बाईंच्या दुकानासमोर मिळाला. बाईंनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दुकान तसंच उघडं टाकून त्या ऑटोत चढल्या आणि माझ्या कानाशी लागल्या, "किती थेंब?" मी चार बोटं दाखवली.

दवाखान्यात बाईंनीच औषधाचं नाव आणि थेंब सांगितले. तान्ह्या बाळाच्या नाकातून हे औषध रक्तात उतरतं, मेंदूवर चढतं, ठोके आणि श्वास मंदावतात, असं डॉक्टर म्हणाले. "कोणी दिलं?"

मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"म्या देल्लं," बाई म्हणाल्या. "माह्या दुकानातलं हाय."

सून किंचाळली, "बाबांनी बाळासाठी मागितलं आणि तुम्ही मोठ्यांचं दिलंत?"

बाई गप्प. मीही गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर सणसणीत रडलं. व्हरांड्यात मी बाईंना हात जोडले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिले तुमच्याच भरोशावर पोरगं ठेवून कामाले जाचं हाय, भाऊ. राहू द्या."

सुनेनं गल्लीभर सांगितलं. बाईंचं गिऱ्हाईक पुढच्या चौकाकडे वळलं. मी खाली मान घालून दुकानावरून जायचो, तर रिकाम्या दुकानातून हाक यायची, "पोरगं कसं हाय गा?"

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांना पोचवून आलो, आंघोळ केली आणि सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. तीन वर्षांचा नातू माझ्या मांडीवर होता. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि ती आत निघून गेली.